गंजापाशी बसणारे काकाजी

अमरावती-अकोल्याकडे रोडग्याचं जेवण म्हटलं की आचारी लागतो, गोवऱ्या लागतात, वांगी लागतात आणि एक काकाजी लागतात. पहिल्या तिघांना सांगावं लागतं. काकाजी आपोआप येतात.

शेतात नाहीतर मारोतीच्या देवळामागं गोवऱ्या पेटल्या, की ते प्लास्टिकची खुर्ची ओढून वांग्याच्या भाजीच्या गंजापाशी बसतात. स्वतः सराट्याला हात लावत नाहीत. त्यांचं सारं काम तोंडानं. "आच कमी कर बाप्पा." "मीठ पाह्यलं काय?" "आत्ताच सांभार नको टाकू लेका, कायले घाई करून रायला?" आचारी प्रत्येक वेळी "हाव काकाजी" म्हणतो आणि त्याला करायचं तेच करतो.

२००७ साली पिक्सारचा 'रॅटाटुई' आला. ब्रॅड बर्डचा हा सिनेमा ऑस्कर घेऊन गेला. त्यातला रेमी नावाचा उंदीर पॅरिसमधल्या एका हॉटेलातल्या बावळट पोराच्या टोपीत बसतो, त्याचे केस ओढतो आणि त्याच्या हातून एकाहून एक पदार्थ करवून घेतो. टोपीखाली कोण आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही. काकाजींच्या नातीनं हा सिनेमा मोबाइलवर लावून दिला आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "आबाजी, हा तर तुम्हीच!"

काकाजींना राग आला नाही. उंदराचं नाक त्यांना पसंत पडलं. हॉटेलचा मूळ मालक गुस्तो याचा सिद्धांत असा, की स्वयंपाक कुणालाही जमतो. त्यावर काकाजींनी मान डोलावली. "कोनालेही जमते. फक्त सांगनारा पाह्यजे."

फरक एवढाच, की उंदराला स्वयंपाक येत होता. शिवाय तो स्वच्छतेचा पक्का. पुढचे पंजे खराब होऊ नयेत म्हणून दोन पायांवर चालायचा. काकाजींची चव घ्यायची रीत वेगळी आहे. आधी तंबाखूची चिमूट ओठाखालून काढून टाकतात, चूळ भरतात, हात पायजम्याला पुसतात आणि तोच तळवा गंजापुढं धरतात. आचारी त्यावर पळीभर रस्सा सोडतो. लाल तर्री मनगटावरून कोपराकडं धावते, काकाजी ती वाटेतच जिभेनं अडवतात, डोळे मिटतात. सारे थांबतात. मग निकाल लागतो: "थोडंसं काहीतरी कमी हाय." काय कमी आहे, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सिनेमाच्या शेवटी जो पदार्थ येतो तोही वांग्याचाच. वांगं, टोमॅटो, झुकिनी यांच्या पातळ चकत्या गोल मांडलेल्या. तो खाऊन अँटोन इगो हा खडूस समीक्षक थेट आपल्या आईच्या स्वयंपाकघरात पोचतो. इथं भल्याभल्यांचे डोळे ओलावतात. काकाजी म्हणाले, "तर्री कुठी हाय?" आणि त्या काटकुळ्या इगोकडं बघून, "खानाऱ्याचं पोट तं दिसलं पाह्यजे! याच्या शब्दावर कोन भरोसा ठेवन?"

पंगत बसते. राख झटकलेले रोडगे फुटतात, त्यावर तूप, वरण, बाजूला वांग्याची भाजी. भाजी जमली तर काकाजी ओळीतून फिरतात, "घ्या, घ्या, मी सोता उभं राहून करून घेतली." जमली नाही तर त्याच ओळीतून, त्याच चालीनं, "मी तं त्याले पयलेच म्हटलं होतं, ऐकते कोन?" दोन्ही वेळा आचारी कढईमागं शांतपणे विडी ओढत असतो. त्याचे पैसे ठरलेले असतात.

तेव्हा औंदा हिवाळ्यात तुमच्याकडं रोडगे असतील तर आचाऱ्याशी दर आधी बोलून घ्या, वांगी काटेरी आणा, आणि काकाजींची खुर्ची जिकडं धूर जातो तिकडं मांडा.