खारीचा वाटा

भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. सप्टेंबर लागला की त्याचा शेजारी बंदूक गाडीत टाकून सरकारी रानात जातो आणि खारी मारून आणतो. सगळं रीतसर, परवाना काढून, रोजच्या ठरलेल्या आकड्यात. शिवाय १९३७ सालच्या एका कायद्यानं तिथं बंदुका-काडतुसांवर बसणारा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. म्हणजे खार मारणारा खारीच्या रानाची घरपट्टीही भरतो. पूर्वी तिकडं ब्रन्सविक स्ट्यू नावाचा रस्सा खारीचाच करत, असंही भाचा म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. खलबत्त्यात शेंगा चटणी कुटता कुटता बायकोनं विचारलं, "त्यात दाण्याचं कूट घालतात का रे?" सोलापूरची बाई, दुसरं काय विचारणार!

सरकारी रान आम्हालाही आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं, आणि कागदावर ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात माळ होता तशी गावं होती, ज्वारीची शेतंही होती. माळढोकाला बिचाऱ्याला आपल्या नावावर एवढी जमीन आहे याचा पत्ताच नव्हता. शेतकऱ्यांना मात्र होता. पुढं ती हद्द बरीच आखडली आणि माळढोक तर त्याहून आखडले. आता नान्नजला जाणारा काळवीट पाहून येतो, नशीब जोरावर असेल तर लांडगा. खार बघायला तिथवर कोण जातंय? ती घरीच येते.

आमच्या गच्चीवर तर ती हक्कानं येते. चटणीचे दाणे उन्हात घातले की दहा मिनिटांत हजर. दाणा दोन्ही हातांत धरून असा फिरवते, की जणू सराफ मोती पारखतोय. मराठीत 'खारीचा वाटा' म्हणजे अगदी थोडकी मदत. ज्यानं हा शब्दप्रयोग रूढ केला त्यानं गच्चीवर शेंगदाणे वाळवले नसावेत.

शेवटी मी उंदराचा पिंजरा काढला. आत मूठभर दाणे ठेवले आणि दाराआड दबा धरून बसलो. शेजारच्या गच्चीवरून वनखात्यातून निवृत्त झालेले काका बघत होते. "ओ मास्तर," ते म्हणाले, "आमिष दावून सापळा लावणं म्हंजे बी शिकारच बरं का. बहात्तरचा कायदा काढून बघा."

काढून बघितला. खरंच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या एका शब्दात मारणं, पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, यातल्या कशाचा नुसता प्रयत्न करणंही बसतं. बासष्टाव्या वर्षी मी पायजम्यावर शिकारी झालो होतो. जुन्या अनुसूचीत उंदीर उपद्रवी म्हणून बेवारस सोडलेला. पाच पट्ट्यांच्या खारीचं नाव मात्र वेगळ्या, संरक्षणाच्या यादीत. एका झुपकेदार शेपटीनं केवढा फरक पडतो बघा. आमची तीन पट्ट्यांची की पाच? रामानं बोटं फिरवली असतील तर तीन, पंजा फिरवला असेल तर पाच. दोन दिवस मोजायला बसलो. दुसरा पट्टा मोजेपर्यंत ती पाण्याच्या टाकीवर असते.

आणि पिंजरा? तिनं आत पाऊलही टाकलं नाही. जाळीतून हात घालून कडेचे दाणे तेवढे ओढून घेतले. रात्री त्यात एक उंदीर सापडला, तो काकांनी कुठं सोडला हे मी विचारलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत गॅलरीतल्या जुन्या कुंडीमागं घरटं सापडलं. काथ्या, कापूस, आणि त्यात गुलाबी-हिरवे दोरे. दोरीवरच्या सोलापुरी टॉवेलची एक कड महिनाभर झिजत होती आणि मी धोब्याला बोलत होतो. टॉवेलातून मऊ सूत तेवढं निवडून घ्यायचं ही अक्कल या गावात माणसालाच असते, असं नाही. आमच्याच गावचे मारुती चितमपल्ली यांनी बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे देखणे शब्द दिले. त्या धर्तीवर मी याला 'टॉवेलागार' म्हणतो. आत डोळे न उघडलेली तीन पिल्लं होती, बोटाएवढी, गुलाबी. पट्टे त्यांच्याही पाठीवर मोजता आले नाहीत, कारण आईनं टाकीवरून जो चिक्-चिक् आरडाओरडा मांडला तो काकांना ऐकू गेला असता.

कुंडी जिथं होती तिथंच ठेवली. पिंजरा भंगारवाल्याला दिला, त्यानं वीस रुपये दिले. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना बायकोनं दाणे पाव किलो जास्त आणले. कोणासाठी ते ती बोलली नाही.