आधी श्वास, मग रेफर

केसांचा डाय पोटात गेला तर माणूस मरू शकतो, हे झाशी आणि तिरुपतीकडच्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. बुंदेलखंडात तो काळ्या दगडाच्या रूपात सुटा मिळतो, आंध्र-तेलंगणात स्वस्त बाटलीत. मुख्य विष एकच, पॅराफेनिलीनडायअमीन. दगडात तर बहुतांशी तेच. युरोपात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात ते २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. इथे दगड खुशाल विकला जातो.

दवाखान्यात येणाऱ्यांत तरुण बायका जास्त. घरचे म्हणतात, डायच तर आहे, मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल. पाजू नका! काही तासांतच चेहरा, मान, जीभ सुजते, आवाज घोगरा होतो आणि गळा आतून मिटत जातो. त्यातून वाचलेल्यांचे स्नायू विरघळू लागतात. लघवी काळपट-तपकिरी होते, ती मूत्रपिंडावर घाला पडल्याची खूण. हृदयालाही सूज येऊ शकते.

यावर उतारा नाही, उपचार मात्र आहेत. शिरेतून भरपूर सलाईन, पोटॅशियमवर आणि ईसीजीवर नजर, लागलं तर डायलिसिस. डायलिसिसने हे विष फारसं निघत नाही, पण थकलेल्या मूत्रपिंडाला सावरायला वेळ मिळतो आणि वाचलेल्यांची मूत्रपिंडं बहुधा पुन्हा कामाला लागतात.

पण तिथवर पोहोचायला श्वास हवा. माझा राग आहे तो इथे. गळा सुजत असलेल्या पेशंटच्या हातात ‘पुढे न्या’ची चिठ्ठी देणं हा उपचार नव्हे. नुसत्या स्टेरॉईडच्या इंजेक्शनवर भिस्त ठेवूनही गाडी सोडू नये. आधी नळी घाला. जात नसेल तर मानेत छेद देऊन श्वासनलिका उघडा, मग पाठवा. त्याला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. चाकू, नळी आणि शिकलेला हात लागतो. हा हात प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात, रात्रीच्या पाळीलाही असलाच पाहिजे.

आणि मानेत छेद असेपर्यंत पेशंटला सहसा बोलता येत नाही, म्हणून पोलिसी जबाबाची घाई करू नका. उशाशी वही-पेन ठेवा. जीव द्यायला डाय घेतला असेल, तर घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घडवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पेशंटच्या फोनमध्ये टाकून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.