सहकुटुंब सहपरिवार, पंचवीस वर्षांसाठी

सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकची पुस्तिका कृषी सहायक घरपोच आणून देतो. पण मोठ्या कुटुंबाने सुट्टीचं सदस्यत्व कसं निवडावं, यावर वाशीम जिल्ह्यात एक साधं पत्रकही मिळत नाही. ही उणीव खालच्या नऊ पायऱ्यांत भरून काढली आहे. गृहीत एवढंच धरलंय, की घरात चौदा माणसं आहेत: आबा, आजी, तीन भाऊ, तीन जावा, पाच पोरं आणि सासरपेक्षा माहेरीच जास्त असलेली एक आत्या. एक भाऊ शेती पाहतो, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे आणि एक पुण्यात कंपनीत आहे. पुण्यातला नसेल तर पुढे वाचू नका, तुमच्या घरी हा विषय निघणारच नाही.

१. आधी बक्षीस जिंका.
अकोल्याला मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक हसतमुख मुलगा दिसेल. त्याच्याकडचं कूपन भरा. नाव, मोबाईल, महिन्याचं उत्पन्न, चारचाकी आहे का, लग्न झालंय का. सोडत कधी, किती जणांत, हे विचारू नका. आनंदावर विरजण पडतं. आठवड्याभरात फोन येईल: "अभिनंदन सर, तुम्हाला तीन दिवस दोन रात्री मोफत!" फक्त ते घ्यायला पती-पत्नी दोघांनी यायचं. 'घरी विचारून सांगतो' ही पळवाट बंद करायला ही अट असते. आता कंपनीला हे माहीत नाही, की तुमच्या घरात निर्णय पतीही घेत नाही आणि पत्नीही नाही. निर्णय घेणारा माणूस ओट्यावर तंबाखू मळत बसलेला असतो. म्हणून आबांना कुठे जाताय ते सांगू नका. अकोल्याला दवाखान्यात, एवढं पुरे.

२. हॉलमध्ये नीट बसा.
नव्वद मिनिटं म्हणाले असतील, तर सोबत डबा घ्या. टाय लावलेला एक तरुण समोर बसेल आणि कोरा कागद काढून विचारेल, "सर, वर्षाला फिरण्यावर किती खर्च होतो?" खरं सांगायला हरकत नाही: एकदा शेगावला महाराजांचं दर्शन, भक्त निवासात मुक्काम, जाताना घरच्याच दशम्या, आणि एका वर्षी चिखलदरा, तेही पंचबोल पॉइंटवर धुकं होतं म्हणून काही दिसलं नाही. तो सहानुभूतीने मान हलवेल आणि कागदावर साठ हजार लिहील. लिहू द्या. मग तो त्यावर दर वर्षी दहा टक्के महागाई चढवत पंचवीस वर्षांची बेरीज करेल. ती एकोणसाठ लाख येते. बेरीज बरोबर असते, मी करून पाहिली आहे. "म्हणजे सर, तुम्ही एकोणसाठ लाख उडवणार आहात. आम्ही ते पाच लाखांत वाचवतो." शेगावच्या दशम्यांमुळे आपण एकोणसाठ लाखांच्या खड्ड्यात चाललो होतो, हे ऐकून वहिनींचा चेहरा उतरेल. हीच दहा टक्के महागाई तो कंपनीच्या वार्षिक शुल्काला लावणार नाही. तुम्हीही आठवण करून देऊ नका, पोरगं कमिशनवर जगतंय.

मध्येच घंटा वाजेल, कुणीतरी सदस्य झालं म्हणून टाळ्या होतील. वाजवा. नंतर मॅनेजर येऊन आकड्यावर लाल पेनाने काट मारेल आणि 'फक्त आजसाठी' असं म्हणेल. हा 'आज' दर रविवारी असतो.

करार घरी नेऊन वाचतो, असं म्हणण्याचा मोह होईल. आवरा. टाइमशेअर नावाचा हा धंदा साठच्या दशकात युरोपात सुरू झाला. स्वित्झर्लंडची हापिमाग कंपनी १९६३ची, तर अदलाबदलीने दुसऱ्याच्या रिसॉर्टात राहू देणारी आर.सी.आय. १९७४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला निघाली. तिकडची माणसं मुळात डळमळीत. युरोपीय संघाला त्यांच्यासाठी नियम करावा लागला, की सही केल्यावरही चौदा दिवसांत कारण न देता मागे फिरता येईल आणि तोवर कंपनीने आगाऊ पैसेही घ्यायचे नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदाच नाही. काही कंपन्या आपणहून थोडे दिवस देतात, पण ते करारात बारीक अक्षरांत असतं आणि तुमचा चष्मा गाडीत राहिलेला असतो. चौदा दिवस कशाला हवेत? आपल्या माणसाचा निर्णय समोसा गार व्हायच्या आत होतो.

३. रंग निवडा.
हंगामाला रंग असतात. क्लब महिंद्राकडे जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार आहेत. जांभळा सर्वांत महाग, कारण तेव्हा सगळ्यांनाच जायचं असतं. निळा सर्वांत स्वस्त, कारण तेव्हा कुणालाच जायचं नसतं. नवशिके पैशाकडे पाहून रंग ठरवतात. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा, पेन्सिल घ्या आणि घरातल्या चौदाही जणांना एकदम मोकळा असलेला आठवडा शोधा.

जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्टमध्ये डवरणी, निंदण, फवारणी. निळा रंग बहुतेक ठिकाणी नेमका इथेच पडतो. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी, मळणीयंत्राचा नंबर, दसरा, दिवाळी. दिवाळीत पुण्याचे येतात, म्हणून कुणी जात नाही. मग हरभऱ्याची पेरणी आणि रात्रीच्या लाइनवर ओलीत. डिसेंबर-जानेवारीत तूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा, शिवाय दहावी-बारावी. उरला उन्हाळा. त्यातही गंमत आहे: विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, पुण्यातल्या मात्र जूनच्या मध्यालाच. म्हणजे इकडची पोरं मोकळी असतात तेव्हा तिकडची वर्गात बसलेली. दोघांची सामाईक सुट्टी फक्त मेमध्ये, आणि मेमध्ये लग्नं. तीन जावा म्हणजे तीन माहेरं, प्रत्येक माहेरी एक तरी हळद. त्यातून एखादा आठवडा निघालाच, तर गुरुजींना जनगणनेचं किंवा निवडणुकीचं काम लागतं.

आता पेन्सिल ठेवा आणि कोणताही रंग घ्या. आमच्या अनुभवी डोळ्याला जांभळा बरा वाटतो. कार्डावर खुलून दिसतो.

४. माणसं मोजा, पण हळू.
सदस्यत्व वर्षाला सात रात्रींचं असतं आणि ते एका खोलीचं असतं. स्टुडिओत साधारण दोन मोठे आणि दोन लहान बसतात. एक बेडरूमवाल्यात चार मोठे आणि एखादं पोर. चौदा जणांना कसंही कोंबलं तरी तीन खोल्या लागतात. एका वेळी तीन खोल्या घेतल्या की एका मुक्कामात तीन रात्री खर्ची पडतात. सात भागिले तीन: दोन मुक्काम आणि बाकी एक. म्हणजे वाशीमहून गोव्यातल्या वार्का किनाऱ्यापर्यंत टेम्पो ट्रॅव्हलरने एक दिवस आणि एक रात्र, तिथे दोन मुक्काम, पुन्हा तितकंच परत. समुद्र बघायला मिळतो, नाही असं नाही. उरलेली एक रात्र पुण्याच्या भावाला द्या, हा विषय त्यानेच काढला होता.

आजीचा प्रश्न नाजूक आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट आहे, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आजीला फुकट न्यायला महामंडळ तयार आहे, पण रिसॉर्टच्या दारात एस.टी. थांबत नाही आणि रिसॉर्टच्या वहीत आजी 'जादा व्यक्ती' असते, गादीचे पैसे वेगळे. हे तिला कसं सांगायचं याची चिंता नको. ती आपणहून म्हणेल, "मी कायले येऊ बाप्पा? म्हशीचं कोन पाहीन?" दोन वेळा आग्रह करा. तिसऱ्यांदा करू नका, ती हो म्हणेल.

५. हिशोब करू नका.
तरी काही हट्टी वाचक करतीलच, म्हणून त्यांच्यापुरतं. समजा पाच लाखांचं सदस्यत्व आहे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे पाच लाख नव्वद हजार. २०२५-२६च्या हमीभावाने, क्विंटलला ५,३२८ रुपये धरले, तर हे जवळपास एकशे अकरा क्विंटल सोयाबीन झालं. बाजार समितीत हमीभाव मिळाला तर, नाहीतर जास्त. तेच पाच लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाला पस्तीस हजार व्याज येतं. सात रात्रींना रात्रीचे पाच हजार. एवढ्यात कुठेही, कोणत्याही रंगात, कुणाला न विचारता राहता येतं, आणि पंचवीस वर्षांनी मुद्दल जागेवर असतं. सदस्यत्वात मुद्दल नसतं, वर दरवर्षीचं देखभाल शुल्क असतं. गेलात तरी, नाही गेलात तरी.

म्हणून म्हटलं होतं, करू नका.

६. फिरायचंच नसेल, तर 'गुंतवणूक' म्हणा.
हा मार्ग फक्त धाडसी कुटुंबांसाठी. वरच्या कंपन्या महाग असतील, पण खोली तरी खरी देतात. महाराष्ट्राने याच्याही पुढची पायरी गाठलेली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री विकल्या, त्याही अशा, की न झोपता मुदत संपू दिली तर वाढीव पैसे परत. लोकांनी अर्थातच न झोपायचं ठरवलं. सेबीने याला बिनानोंदणीची सामूहिक गुंतवणूक योजना ठरवलं आणि २०१६च्या फेब्रुवारीत पैसे परत करायचा आदेश दिला. रक्कम ७,०३५ कोटी, गुंतवणूकदार ५१ लाखांवर. आदल्या वर्षी रॉयल ट्विंकल स्टार क्लबबद्दलही असाच आदेश निघाला होता. त्या रात्री रिसॉर्टात कुणी झोपलं नाही आणि पुढच्या रात्री घरीही कुणाला झोप लागली नाही.

अशा योजनेत एजंटाची निवड महत्त्वाची. परका नको. जावयाचा मावसभाऊ किंवा निवृत्त गुरुजी उत्तम. त्याच्याकडे पावती मागायला जीभ रेटत नाही, त्याने स्वतःचेही पैसे त्यातच घातलेले असतात, आणि सगळं बुडाल्यावर तोच तुमच्या ओट्यावर येऊन आधी रडतो. मग चहा तुम्हीच करायचा.

७. बुकिंग करा.
मेमध्ये महाबळेश्वर भरलेलं असेल. दिवाळीत गोवा भरलेला असेल. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र हवं तिथे मिळेल. त्या दिवशी शेतात तणनाशक मारायचंय.

८. तक्रारीची तयारी आधीच ठेवा.
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. जुन्या काळी बहुतेकदा कंपनी असेल त्या गावाला खेटे घालावे लागत. आता तक्रारदार जिथे राहतो तिथल्या, म्हणजे वाशीमच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. एकतर्फी करारालाही आव्हान देता येतं, फक्त ते राज्य आयोगात. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोबाईलमध्ये 'मामा' नावाने जपून ठेवा. आणि एक खास युक्ती: भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. तेव्हा त्या हॉलमध्ये मॅनेजरशी घासाघीस करून जीएसटीसह आकडा पाच लाखांच्या आत आणा. त्याने कारण विचारलं, तर खरं सांगा. बहुधा त्या दिवशी तुम्ही लवकर घरी पोचाल.

९. वाटणीत धरा.
करार पंचवीस वर्षांचा. चौदा माणसांचं घर पंचवीस वर्षं एका चुलीवर राहील, असं कंपनीला वाटतं. तिचा भाबडेपणा समजून घ्या. इथे तर अख्खा जिल्हाच १९९८ साली १ जुलैला अकोल्यातून वेगळा निघाला, तिथे तीन भावांचं काय घेऊन बसलात. तलाठी येईल, सातबारे होतील. विहिरीच्या पाण्याची पाळी लागेल, चार-चार दिवसांची. धुऱ्यावरच्या वीतभर जागेवरून गुरुजी शेतकरी भावाशी दोन वर्षं बोलणार नाहीत. एका बाभळीचे तीन वाटे पडतील.

मग पंचांपैकी कुणीतरी विचारेल, "अन् ते कार्ड?"

त्या क्षणी घरात कधी नव्हे ते बंधुप्रेम उसळेल. धाकटा म्हणेल, दादा, तुम्हीच ठेवा. गुरुजी म्हणतील, नाही नाही, पुण्याच्याला जास्त उपयोग. पुण्याचा फोनवर असेल आणि नेमका आवाज तुटायला लागेल. तेव्हा तुम्ही थोरले असाल, तर बैठक ठरेल त्या दिवशी मंगरुळपीरला तातडीचं काम काढा. सहीला पोराला पाठवा, आणि त्याला आधीच बजावून ठेवा: विहीर माग, बाभूळ माग, म्हैस सोडली तरी चालेल, पण जांभळ्या रंगाचं काही दिलं तर हात मागे.