दादांचा ट्रस्ट

अणशीच्या जंगलात वाघांची मोजदाद होते. कॅमेरे लावून, पट्टे जुळवून एकेक वाघ कागदावर येतो. त्याच अणशीत वडिलोपार्जित घराच्या चार खोल्या होमस्टेला दिल्या, तर भाडं किती आलं हे दादा सोडून कोणालाच ठाऊक नसतं. दादा म्हणजे ट्रस्टी. आजोबांनी ‘घर सगळ्यांचं’ म्हणत ट्रस्ट केला, थोरल्याला नेमलं आणि डोळे मिटले. डोळे मिटायची ती प्रथा बाकीच्या भावंडांनी निष्ठेने पुढे चालवली.

दादांच्या मते ट्रस्टी म्हणजे गावचा राखणदार. वर्षाचा नारळ हक्काचा, आणि हिशेब विचारणाऱ्याचं काही खरं नाही! १८८२ चा भारतीय न्यास कायदा त्यांनी वाचला, तर हे पद ते त्याच रात्री दुसऱ्याच्या गळ्यात घालायला निघतील. तेही जमायचं नाही. ट्रस्टी व्हायची सक्ती कोणावर नाही. पण एकदा झालात की सुटका न्यायालयाच्या परवानगीने, लाभार्थ्यांच्या संमतीने किंवा ट्रस्टच्या कागदात तशी सोय असेल तरच.

मेहनताना? कागदात लिहिला नसेल, ठरला नसेल, तर छदाम नाही. पदरचा वाजवी खर्च तेवढा परत. ट्रस्टच्या मालमत्तेवर स्वतःचा फायदा? नाही. विकायची वेळ आली तर विकणाऱ्या ट्रस्टीने ती स्वतः घ्यायची नाही, मेहुण्याला पुढे करून तर नाहीच नाही. आणि सांभाळायची कशी? साधारण शहाणा माणूस स्वतःची सांभाळतो तशी. दादा स्वतःच्या गाडीचं ऑइल तारखेला बदलतात; ट्रस्टच्या घराची शाकारणी देवावर सोडतात. या हयगयीने नुकसान झालं, तर ते भरून द्यायचं दादांनीच. कलम १९ म्हणतं, हिशेब चोख ठेवा आणि लाभार्थ्याने विचारला की सांगा. दादा या कलमाला ‘घरात फूट पाडणं’ म्हणतात.

पणजीत नोकरी करणारा धाकटा भाऊही ट्रस्टी, नावापुरता. ‘मी कुठे काय खाल्लं?’ असं तो छातीठोक सांगतो आणि दादांनी धाडलेल्या कागदांवर न वाचता सह्या करतो. कागदात वेगळं लिहिलं नसेल तर सगळ्या ट्रस्टींनी मिळूनच कारभार करायचा असतो. दादांचा घोळ कळूनही गप्प बसला, तर कायदा या ‘काही न खाल्लेल्या’लाही ताटावर बसवतो.

ट्रस्टी होणं काय असतं ते लोकमान्य टिळकांना विचारायला हवं होतं. १८९७ च्या ऑगस्टमध्ये, टिळकांच्या डोक्यावर राजद्रोहाचा खटला असताना, पुण्याचे सरदार बाबा महाराज मरणशय्येवर होते. त्यांनी मृत्युपत्रात टिळकांना विश्वस्त नेमलं. मित्राच्या शब्दाखातर टिळक हो म्हणाले. पुढे बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांच्या दत्तकावरून तंटा पेटला, आणि १९०३ साली खोट्या साक्षीबद्दल टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली गेली. १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला; तिथे टिळकांच्या बाजूने निकाल लागला तो १९१५ मध्ये. मधल्या काळात माणूस मंडालेला सहा वर्षं काढून आला होता. एका ‘हो’ची ही किंमत. आमच्या दादांना ट्रस्टीपणापायी आजवर काय सोसावं लागलं, तर होमस्टेच्या पाहुण्यांबरोबर कोंबडीचा रस्सा.

एक गोष्ट आधी बघून घ्या. घरजमिनीचा ट्रस्ट नोंदणी केलेल्या दस्ताने होतो, नाहीतर मृत्युपत्राने. आजोबा ओसरीवर बसून काही बोलले, एवढ्याने होत नाही. तसा दस्त नसेल तर दादा ट्रस्टी नाहीत, नुसते थोरले आहेत, आणि एकत्र कुटुंबातले हक्क या कायद्याने नव्हे, हिंदू कायद्याने ठरतात. मग तर वाटणीच मागता येते. बहिणींनाही. हे दादांना मुद्दाम सांगा.

तेव्हा चवथीला घरी जाल तेव्हा मोदक खाऊन झाल्यावर दस्ताची नक्कल आणि भाड्याची वही मागा. तोंडी नको, लेखी मागा, आणि अर्जाची पोच घ्या. दादा रागावतील. रागावू देत. वही मिळाली नाही तर अणशी घाट उतरून खाली कारवारला जा, जिल्हा न्यायालय तिथेच आहे.