शेकोटीचा कोरम

पारनेरच्या पठारावर थंडी उतरली की माणसं आपोआप जवळ येतात, असा शहरात समज आहे. येतात, पण माणुसकीपेक्षा तुराट्यांमुळे. ज्याच्या अंगणात पेटवायला काही आहे, त्याच्याशी अबोला परवडत नाही. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ एकाच जाळावर हात शेकतात. बोलतात मात्र तिसऱ्याकरवी. "ह्याला म्हणावं, जरा सरकून बस."

शेकोटीचा खरा कारभार म्हणजे जो उठून गेला त्याची चौकशी. म्हणून शेवटपर्यंत कोणी उठत नाही. नाव मात्र थंडीचं. ह्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं श्रमदानातून पाणी अडवलं, आणि इथं चार काटक्या आणायच्या म्हटलं की सगळ्यांचे गुडघे एकदम दुखतात.

हुरड्याचंही तेच. पूर्वी शेतावरून नुसती हाक यायची. आता पुण्याचे पाहुणे माणशी पैसे मोजून आगटीभोवती बसतात, कणीस चोळून द्यायलाही माणूस लागतो. शेजारचे तात्या कुंपणाबाहेरून विचारतात, "काय रे, आपल्याच ज्वारीला तिकीट?"

14 जानेवारीला तिळगूळ घेऊन सगळे गोड बोलतात. 15 तारखेला तुराट्या कोणाच्या जळाल्या, त्याचा हिशेब निघतो.