निवृत्त अभियंत्यास न्यू ऑर्लिन्स दाखवण्याची रीत

ह्यूस्टनच्या मराठी सुनेकडे सासू-सासरे आले की आज ना उद्या न्यू ऑर्लिन्सची सहल निघतेच. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यास पुढील सूचना पाठ कराव्यात. इतरांनी चाळल्या तरी चालतील.

प्रस्थान : आय-१० महामार्गाने साडेपाच-सहा तास लागतात. वाटेत अचाफलाया खोऱ्यावरचा पूल येतो. तो १८ मैलांचा आहे, हे आधी सांगू नये. सांगितल्यास दोन खांबांमधले अंतर, पायाची खोली आणि ठेकेदार यांविषयीचे प्रश्न अठराही मैल पुरतात. नवरा "मी गाडी चालवतोय ना" म्हणून सुटतो.

ऋतू : ऑगस्टमध्ये जाऊ नये.

आहार : कॅफे दु माँद १८६२ पासूनचे आहे. तिथे एका बशीत तीन बेन्ये येतात आणि त्यांवर पिठीसाखरेचा ढीग. घास घेताना श्वास आत ओढू नये, हसू नये, आणि मुख्य म्हणजे सासऱ्यांना बोलते करू नये. गडद कपडे टाळावेत. सोमवारी जागोजागी मिळणारा 'रेड बीन्स अँड राइस' दिसतो राजमा-भातासारखा. पण त्यात सॉसेज किंवा हॅम असते. गंबोत भेंडी आहे हे ऐकून शाकाहारी सासूबाईंनी हरखू नये. भेंडीला तिथे कोळंबीची सोबत असते.

बर्बन स्ट्रीट : सकाळी दहाला दाखवावा. दिवेलागणीनंतर तो नकाशातून वगळावा.

ट्राम : सेंट चार्ल्स मार्ग १८३५ पासून चालू आहे. तिकीट सवा डॉलर. शेवटच्या थांब्यापर्यंत जावेच, कारण तिथे चालक उठून दुसऱ्या टोकाला जातो आणि लाकडी बाकांच्या पाठी खटाखट उलट्या फिरवल्या जातात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, चार बाकांच्या स्वतः फिरवल्या. त्यांना कोणी अडवले नाही, आपणही अडवू नये.

नदी : जॅक्सन स्क्वेअरसमोरचा रस्ता ओलांडून पायऱ्या चढल्या की मिसिसिपी दिसते. सामान्य पर्यटक नदीकडे पाहून फोटो काढतो. अभियंता नदीकडे पाहतो, मग वळून मागच्या रस्त्याकडे पाहतो. "अगं, नदी वर आणि गाव खाली?" इथून पुढचा कार्यक्रम रद्द समजावा. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे, पावसाचे पाणीसुद्धा पंपाने उपसून बाहेर टाकावे लागते, आणि त्यासाठी बाल्डविन वुड नावाच्या अभियंत्याने १९१३ च्या सुमारास बनवलेल्या रचनेचे अजस्र पंप अजून चालतात, ही माहिती तोंडपाठ असावी. नसल्यास अप्पा ती रस्त्यावरच्या पोलिसाला विचारतात.

२००५ च्या कॅटरिनाचा विषय मात्र जपून काढावा. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला, तो नुसत्या वादळाने नव्हे. सतराव्या रस्त्याच्या कालव्यात पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलेही नव्हते, तरी भिंत सरकली. हे ऐकल्यावर अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते नारायण पेठेत राहणारे शाळकरी पोर होते. "पाण्याचा दोष नसतो गं," एवढेच म्हणाले. मी त्यांना कॉफी आणून दिली. याला नियम नाही.

दिशा : नदी इथे इतकी वळते की पलीकडची 'वेस्ट बँक' पूर्वेला येते आणि सूर्य तिच्यावर उगवतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्या सासूबाईंपासून हे लपवावे.

स्मशान : सेंट लुईस क्रमांक एकमध्ये २०१५ पासून परवानाधारक गाइडशिवाय पर्यटकांना सोडत नाहीत. थडगी जमिनीवर का बांधली याचे कारण गाइड 'जमिनीखाली लगेच पाणी लागते' असे सांगतो. अप्पा मान हलवतात, पुढे सरसावतात आणि फ्रेंच-स्पॅनिश लोकांच्या मूळ देशांतही अशीच पद्धत होती हे पटवून देऊ लागतात. बाकीची मंडळी उन्हात उभी राहतात. गाइडला टिप जरा सढळ हाताने द्यावी.