सह्याद्रीत सपाट जागा

पुण्याहून दिवेआगरला मोटारसायकलने चार-पाच तासांत पोचता येतं, असं लोक सांगतात. हे लोक माझ्या सासऱ्यांना मागे बसवून गेलेले नसतात.

अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, म्हणजे महामंडळाच्या कागदोपत्री झाले. खिशात रुमाल आणि पिशवीत सतराचा पाना घेतल्याशिवाय ते देवळातही जात नाहीत. मी मराठीचा मास्तर. माझं यंत्रज्ञान किक मारण्यापुरतं, आणि मेकॅनिक बोलत असताना गंभीर चेहऱ्याने मान हलवण्यापुरतं. ही मान मी इतकी कमावली आहे की एका गॅरेजवाल्याने मला दुसऱ्याच्याच गाडीबद्दल मत विचारलं होतं.

स्प्लेंडर आदल्याच दिवशी सर्व्हिसिंगहून आणली होती. मुळशीला अण्णांनी खांद्यावर थाप मारली. मला वाटलं, धरण बघायचंय. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह सुरू झाला, यावर एक बरं वाक्य मी पौडपासून जुळवत आणलं होतं. अण्णा पाण्याकडे पाठ करून सायलेन्सरकडे बघत होते.

"निळा धूर. ऑइल जळतंय."

मी मान हलवली.

"घ्या कुठे सपाट जागी. गेज बघू."

इथे प्रवासवर्णन संपलं असं समजायला हरकत नाही. तेलाची पातळी बघायची तर गाडी डबल स्टँडवर सरळ उभी हवी आणि खालची जमीन समतल हवी. ताम्हिणी घाटात जमीन वर चढते, खाली उतरते, पावसाळ्यात रस्त्यावरही येते. समतल तेवढी होत नाही. मला पसंत पडलेल्या जागेवर अण्णांनी पाण्याची बाटली आडवी ठेवली. बाटली कोकणाकडे निघाली. पुढच्या जागेवर ती देशावर परत यायला लागली.

शेवटी एका टपरीसमोर थांबलो आणि चहा येण्याआधी सल्ले आले.

"साईड स्टँडवर बघा की काका, काय फरक पडतो?"

फरक पडतो. स्प्लेंडरची गेज उजव्या अंगाला असते. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेलही डावीकडे जातं आणि गेजवर कमी दिसतं. मग बघणारा वरून ओततो. अण्णांनी माझ्याकडे सर्व्हिसिंगचं बिल मागितलं. त्यात 'ऑइल टॉप-अप' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे पैसे लावलेले होते. नको ते ओतायचं आणि वर त्याचं बिल फाडायचं! माझा चहा निवून गेला.

टपरीमागे कुणा पुणेकराचं फार्महाऊस बांधणं चालू होतं. तिथला गवंडी इतका वेळ आमची बाटली बघत होता. तो न बोलता लेव्हल पट्टी घेऊन आला, व्हरांड्याच्या नव्या कोब्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये! आम्ही चौघांनी गाडी उचलून व्हरांड्यात नेली.

अण्णांनी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवलं, बंद केलं आणि तेवढाच वेळ थांबले, वर चढलेलं तेल खाली उतरावं म्हणून. गेज काढली, पुसली, भोकात नुसती टेकवली. आटे आवळले तर ती आणखी खोल जाते आणि तेल आहे त्याहून जास्त दिसतं. खालची खूण आणि वरची खूण यांच्यामध्ये कुठेही तेल असलं की झालं. आमचं वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं.

"जास्त आहे ना? मग बरंच की," टपरीवाला म्हणाला.

"बरं कसलं! क्रँक त्यात बुडतो, ताकासारखं घुसळतो, फेस होतो. फेसाने वंगण होतं का? उरलेलं ब्रीदरमधून एअर फिल्टरात, तिथून धुरात." ९७.२ सीसीच्या त्या इंजिनाला तेल लागतं लिटरभर. त्यात वाटीभर जादा म्हणजे थोडं नव्हे.

एका तरुणाचं म्हणणं पडलं की सगळंच काढा आणि कारचं ऑइल टाका, पिकअप येतो. "आणि क्लच कोण पकडणार, तू?" अण्णा कडाडले. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडलेला असतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लचप्लेटा घसरतात. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' बघून घ्यायचं. तरुण निघून गेला. मी मात्र मान हलवत राहिलो.

खालचा बोल्ट सतराच्या पान्याने सैल करून अण्णांनी तेल कापलेल्या बाटलीत धरलं. गवंड्याने सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला ते मागून घेतलं. "जळकं नाही हां, कालचंच आहे," अण्णांनी बजावलं, जणू मुलगी सासरी पाठवत होते.

गेज पुन्हा बघितली, इंजिन चालू केलं. अण्णांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या हेडला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. बराच वेळ धरली. बस डेपोच्या फाटकातून आत येतानाच तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा कान होता तो. आता त्याला मशीन लागतं, आणि प्रवासात ते अण्णा घालत नाहीत, वाऱ्याने शिट्टी वाजते म्हणून.

"टॅपेट वाजतोय का हो?" त्यांनी मला विचारलं. मला!

मी वाकलो, कान दिला. "नाही वाजत, अण्णा."

"नीट ऐका."

"नाही वाजत."

दिवेआगरला पोचेपर्यंत देऊळ बंद झालं होतं. १९९७ साली बागेत सापडलेला, २०१२ साली चोरीला गेलेला आणि २०२१ साली पुन्हा घडवून बसवलेला तो सोन्याचा गणपतीचा मुखवटा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. छान आहे.

तुमची गाडी सर्व्हिसिंगहून आणाल तेव्हा गॅरेजच्या दारातच डबल स्टँडवर लावा आणि गेज काढून बघा. गॅरेजवाला वैतागेल. वैतागू द्या, बिल तुम्ही भरलंय.